ल्युबेक, 1930: तोंडातून दिलेली बीसीजी आणि एकाच कपाटातल्या दोन नळ्या

आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोलिओचे थेंब तोंडात, रोटाची लस तोंडात, मग बीसीजीच का टोचायची? बाळ किती रडतं!" प्रश्न रास्त आहे. खरं तर बीसीजी, म्हणजे क्षयापासून (टीबी) बचाव करणारी लस, आधी तोंडातूनच दिली जायची. सुरुवातीच्या काळात जगातल्या लाखभराहून जास्त बाळांनी ती चमच्यातून, दुधात कालवून घेतली. ती टोचून देण्यामागं बरीच शास्त्रीय कारणं आहेत. पण तोंडातून द्यायच्या लशीवरचा लोकांचा विश्वास ज्या घटनेनं हादरला, ती जर्मनीतल्या ल्युबेक शहरात घडली. ते प्रकरण इथं सविस्तर मांडतो आहे. बाळांची, त्यांच्या घरच्यांची आणि प्रयोगशाळेतल्या परिचारिकेची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. दोन डॉक्टरांना उघड खटल्यात शिक्षा झाली आणि त्यांची नावं इतिहासात नोंदलेली आहेत, म्हणून ती तेवढी ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

1908 साली फ्रान्समधल्या लिल शहरात आल्बेर काल्मेत हे डॉक्टर आणि कामिय गेरँ हे पशुवैद्य एका कामाला लागले. गायीला क्षय करणारा जंतू त्यांनी पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या फोडींवर वाढवायला घेतला. दर काही आठवड्यांनी तो नव्या फोडीवर हलवायचा, पुन्हा वाढू द्यायचा, पुन्हा हलवायचा. पहिल्या महायुद्धात लिल जर्मन सैन्याच्या ताब्यात गेलं तरी हे काम थांबलं नाही. तेरा वर्षांत असे 230 फेरे झाले. 1921 पर्यंत त्या जंतूतला विखार इतका ओसरला होता, की जनावरांना तो टोचला तरी क्षय होत नव्हता. बीसीजी म्हणजे हाच जंतू.

जुलै 1921 मध्ये पॅरिसच्या एका रुग्णालयात ही लस पहिल्यांदा माणसाला दिली गेली. ते नवजात बाळ होतं. आई क्षयानं बाळंतपणानंतर लगेच गेलेली, आणि ज्या आजीकडे बाळ वाढणार होतं तिलाही क्षय. लस दुधातून, तीन वेळा दिली. बाळाला क्षय झाला नाही.

तोंडातूनच का, याला काल्मेत यांच्या लेखी कारण होतं. क्षयाचा जंतू बऱ्याचदा आतड्यातून शरीरात शिरतो, आणि जन्मल्यानंतरचे पहिले काही दिवस बाळाच्या आतड्याचं अस्तर तो सहज आत घेतं, असं त्यांचं मत होतं. मग रोगाची जी वाट, त्याच वाटेनं लस द्यावी. सुई नको, जखम नको, आयांना भीती नको. पहिल्या दहा दिवसांत तीन डोस, प्रत्येकी 10 मिलिग्रॅम जंतू, कोमट दुधात कालवून. आज आपण बाळाच्या दंडात जेवढे जंतू टोचतो, त्याच्या कितीतरी पट हे प्रमाण होतं. पोटातून जाताना बरेचसे वाया जाणार, हे गृहीतच धरलेलं होतं.

1924 ते 1928 या काळात एकट्या फ्रान्समध्ये 1,14,000 बाळांना ही लस मिळाली. 1928 मध्ये राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) तज्ज्ञांनीही ती निर्धोक असल्याचं मान्य केलं. ती किती उपयोगी पडते, या आकड्यांवर मात्र इंग्लंडमधल्या संख्याशास्त्रज्ञांनी बोट ठेवलं होतं, आणि ते बरोबर होतं. लस घेणारी आणि न घेणारी घरं एकसारखी नव्हती. पण निर्धोक असणं वेगळं आणि उपयोगी असणं वेगळं. ल्युबेकमध्ये निर्णय घेताना पहिल्या मुद्द्यावरच भर दिला गेला.

अडचण कुठं होती

ल्युबेक हे उत्तर जर्मनीतलं जुनं बंदर, लोकवस्ती सव्वा लाखाच्या आसपास. क्षयावर त्या काळी औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन यायला आणखी पंधराएक वर्षं होती. क्षयी घरात जन्मलेल्या बाळाला वाचवायचं तर आईपासून तोडून दूर ठेवायचं, एवढाच उपाय डॉक्टरांच्या हाती होता. अशा वेळी चमचाभर दुधातून देता येणारी लस आली, तर कुठल्या डॉक्टरला ती नकोशी वाटेल?

शहराच्या आरोग्य खात्याचे प्रमुख एर्न्स्ट आल्टश्टेट आणि मोठ्या रुग्णालयाचे संचालक प्राध्यापक गेऑर्ग डायके या दोघांनी मिळून ठरवलं, की शहरात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला ही लस देऊ करायची. डायके नवखे नव्हते. क्षयावर त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण ही गोष्ट ऐकणारा प्रत्येकजण आधी निष्काळजी, लोभी डॉक्टर शोधायला लागतो. तसा माणूस या प्रकरणात सापडत नाही. दोघांचा हेतू चांगला होता. बाळं दगावली ती त्या हेतूमागोमाग घेतलेल्या काही साध्यासुध्या निर्णयांमुळे.

पर्याय आणि घेतलेले निर्णय

पहिला प्रश्न लस आणायची कुठून हा. ती पातळ, जिवंत जंतूंची लस. तयार झाल्यावर दहाएक दिवसांत संपवावी लागे. पॅरिसहून तयार बाटल्या मागवत राहणं अवघड होतं. दुसरा मार्ग म्हणजे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून जिवंत कल्चर, म्हणजे नळीत वाढवलेले जंतू, मागवायचं आणि घरच्या घरी वाढवायचं. कितीतरी देश तेच करत होते. तिसरा मार्ग थांबण्याचा, किंवा निदान फक्त क्षयी घरातल्या बाळांपुरतं सुरू करण्याचा. ल्युबेकनं दुसरा मार्ग घेतला. 1929 च्या उन्हाळ्यात पॅरिसहून कल्चर आलं.

मार्ग म्हणून यात काही चूक नव्हती. चूक पुढं झाली. लस बनवण्यासाठी वेगळी जागा काढली नाही. डायके यांच्या रुग्णालयातल्या नेहमीच्या प्रयोगशाळेतच ते काम सुरू झालं. तिथं क्षयाच्या विखारी जंतूंवरही संशोधन चालायचं, आणि कील शहरातून आलेलं माणसाच्या क्षयाचं एक जोरदार कल्चर तिथं ठेवलेलं होतं. जंतू उबवायचं कपाट एकच. त्यातच पॅरिसची नळी आणि त्यातच कीलची नळी.

ते कपाट डोळ्यांसमोर आणून पाहा. सदतीस अंशांची ऊब, आत लाकडी स्टँड, त्यात कापसाचे बोळे लावलेल्या काचेच्या नळ्या. नळीतल्या माध्यमावर, म्हणजे जंतूंच्या खाद्यावर, मळकट, सुरकुतलेली साय धरलेली. एका नळीतली साय बाळांना वाचवणारी आणि दुसरीतली बाळांना मारणारी. नुसत्या नजरेला दोन्ही सारख्याच दिसतात. ओळखायला नळीवर चिकटवलेली चिठ्ठी तेवढी.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय यानंतरचा, आणि तो कुणी 'घेतला' असं म्हणता येत नाही, कारण त्यावर विचारच झाला नाही. तयार झालेली लस बाळांना देण्याआधी जनावरांवर तपासायची की नाही? गिनीपिगला क्षयाचे विखारी जंतू थोडेसे जरी टोचले, तरी काही आठवड्यांत त्याच्या गाठी सुजतात आणि ते दगावतं. प्रयोगशाळेतल्या माणसांना ही परीक्षा पाठ होती. ती केली गेली नाही. पॅरिसची लस निर्धोक आहे हे सिद्ध झालेलं आहे, मग पुन्हा काय तपासायचं, असा तो विचार असावा. पण निर्धोक ठरली होती ती पॅरिसमधल्या नळीतली लस. ल्युबेकच्या नळीबद्दल तसं काहीच ठरलेलं नव्हतं.

1929-30 च्या हिवाळ्यापासून एप्रिलअखेरपर्यंत 251 बाळांना लस मिळाली. पालकांची परवानगी घेतली जायची. सुइणी घरोघर जाऊन लस द्यायच्या. बाळाच्या ओठाला लागलेला चमचा, एक घोट दूध, आणि संपलं. माझं असं मत आहे की या सोपेपणामुळेच सगळ्यांची सावधगिरी सैल पडली. सुई पाहिली की माणूस चार प्रश्न विचारतो. दूध पाजताना कोण विचारतं? तोंडातून देण्याच्या पद्धतीत शास्त्रीय दोष होता म्हणून ही मुलं गेली नाहीत. पण ती इतकी निरुपद्रवी दिसली, की कुणी क्षणभर थांबून विचार केलाच नाही.

पहिला मृत्यू आणि नऊ दिवस

लस घेतल्यावर चार ते सहा आठवड्यांत बाळं आजारी पडू लागली. अंगावर पिताना थकून जायची, वजन वाढेना. मानेतल्या गाठी सुजल्या, काहींचं पोट फुगलं, काहींच्या कानातून पू यायला लागला. जंतू गिळताना जिथं जिथं टेकले, तिथं तिथं त्यांनी घर केलं होतं: घसा, कान, आतडं.

17 एप्रिल 1930 ला पहिलं बाळ गेलं. लसीकरण थांबलं 26 एप्रिलला, आणखी बाळं दगावल्यावर. मधल्या नऊ दिवसांत सुइणी घरोघर जातच होत्या.

या नऊ दिवसांवर मी प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ घालवतो. त्या वेळी क्षयानं बाळ जाणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. क्षयी घरातलं बाळ असेल, आधीच लागण झाली असेल, असं पहिल्या मृत्यूनंतर कुणालाही वाटू शकतं. म्हणूनच अशा वेळी काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असावं लागतं. लस घेतलेल्या बाळांवर एका जागेवरून नजर ठेवणारं तिथं कुणीच नव्हतं. कुठल्या बाळाला कुठल्या दिवशी तयार झालेली लस मिळाली, आज त्याचं काय चाललं आहे, हे सगळं एकाच ठिकाणी लिहिलेली वही जरी असती, तरी आजारी बाळांची यादी आठवडाभर आधी समोर आली असती.

लसीकरण थांबवल्यावर डायके यांनी प्रयोगशाळेत उरलेली लस नष्ट करायला सांगितली. धोकादायक वस्तू नाहीशी करावी, असं घाबरलेल्या माणसाला वाटणं समजू शकतं. पण तपासाचा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा त्याबरोबर गेला. काही बाटल्या इतरत्र उरल्या होत्या म्हणून पुढं सत्य बाहेर आलं. शहराला उघडपणे सांगितलं गेलं मे महिन्याच्या मध्यावर. तोवर घरोघरी कुजबुज पोचली होती.

तपास

जगापुढं प्रश्न एकच होता. बीसीजीच पुन्हा विखारी झाली का? तसं असेल तर फ्रान्समधल्या लाखभर मुलांचं काय? काल्मेत यांच्यावर चहूबाजूंनी टीका सुरू झाली.

जर्मन सरकारच्या आरोग्य संस्थेतले ब्रूनो लांगं आणि लुटविश लांगं यांनी तपास हाती घेतला. मेलेल्या बाळांच्या अवयवांतून आणि उरलेल्या लशीतून जंतू वाढवले. लशीत दोन प्रकारचे जंतू निघाले: निरुपद्रवी बीसीजी आणि त्यात मिसळलेले विखारी जंतू. विखारी जंतू माणसाच्या जातीचे होते. बीसीजीचं मूळ गायीच्या जंतूत. ती उलटली असती तर गायीच्याच जातीची निघाली असती. दुसरी खूण आणखी ठळक होती. अंड्याच्या माध्यमावर वाढवल्यावर या जंतूंना हिरवट झाक यायची, आणि कीलच्या त्या कल्चरलाही तशीच झाक होती. एकाच कपाटातल्या दोन नळ्यांची गोष्ट त्या हिरव्या रंगानं सांगून टाकली.

सरमिसळ नेमकी कधी, कुणाच्या हातून झाली, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही.

मराठी वाचकाला इथं परळची आठवण व्हावी. 1902 साली वाल्डेमार हाफकिन यांच्या मुंबईत परळला असलेल्या प्रयोगशाळेतली प्लेगची लस पंजाबातल्या मुलकोवाल गावी टोचली गेली आणि एकाच बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वातानं गेले. दोष बाटली भरताना शिरला की उघडताना, यावर पाच वर्षं वाद झाला. अखेर 1907 मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता. ल्युबेकमध्ये दोष उलट्या टोकाला, बनवण्याच्या जागी निघाला. दोन्ही ठिकाणी लस मूळची चांगली होती, आणि दोन्ही ठिकाणी संशय आधी लशीवरच गेला.

परिणाम

251 पैकी 72 बाळं क्षयानं गेली. 173 बाळांमध्ये आजाराची लक्षणं किंवा क्ष-किरणात खुणा दिसल्या, पण ती वाचली. औषध नसतानाही एवढी मुलं तगली, याचं एक कारण म्हणजे सगळ्या बाटल्यांमध्ये विखारी जंतू सारखे नव्हते. कुठं जास्त, कुठं अगदी थोडे. कुठल्या बाळाला कुठल्या खेपेची लस मिळाली याच्या नोंदींवरून पुढच्या पिढ्यांतल्या संशोधकांनी डोस आणि आजार यांचं नातं अभ्यासलं. त्या मुलांनी आणि त्यांच्या आयांनी भोगलेल्या दुःखातून हे ज्ञान आलं आहे, हे ते वापरणाऱ्यानं विसरू नये.

ऑक्टोबर 1931 मध्ये खटला उभा राहिला आणि फेब्रुवारी 1932 मध्ये निकाल लागला. डायके यांना दोन वर्षांची, आल्टश्टेट यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांच्याबरोबर आरोपी असलेले एक बालरोगतज्ज्ञ आणि नळ्या हाताळणारी परिचारिका सुटली. तिला सोडलं हे मला योग्य वाटतं. चिठ्ठीवर विसंबून काम करायची व्यवस्था तिनं ठरवलेली नव्हती.

फेब्रुवारी 1931 मध्ये जर्मन सरकारनं नव्या उपचारांसाठी आणि माणसांवरच्या प्रयोगांसाठी नियम काढले. आधी जनावरांवर चाचणी आणि रुग्णाची समजून दिलेली संमती या गोष्टी त्यांत स्पष्ट लिहिल्या होत्या. पुढच्या दशकात त्याच देशात हे नियम पायदळी तुडवले गेले, तो इतिहास सगळ्यांना माहीत आहे. काल्मेत 1933 साली वारले. लस निर्दोष ठरली होती, पण जर्मनीनं ती दुसऱ्या महायुद्धानंतरच स्वीकारली. मधल्या वर्षांत तिथं किती बाळं लशीविना राहिली, त्यांची नोंद 72 च्या यादीत नाही.

कुठं वेगळं करता आलं असतं

लस बनवायची जागा आणि रोगाचे जंतू ठेवायची जागा वेगळी ठेवणं ही पहिली गोष्ट. नुसती वेगळी फळी चालत नाही, खोली, कपाट आणि हाताळणारी माणसं वेगळी हवीत. आज बीसीजी बनवणाऱ्या कारखान्यांना हा नियम आहे. चेन्नईच्या गिंडीत 1948 साली भारताची बीसीजी प्रयोगशाळा उभी राहिली, ती फक्त याच कामासाठी.

दुसरी गोष्ट माणसांबद्दलची. ल्युबेकमध्ये लस बनवणारे, ती चांगली आहे असं ठरवणारे आणि ती द्यायला सांगणारे एकाच वर्तुळातले, एकमेकांचा आदर करणारे लोक होते. 'ही बाटली मला तपासून दाखवा' असं म्हणायचा अधिकार आणि कर्तव्य असलेला बाहेरचा माणूस त्यात नव्हता. प्राध्यापक डायकेंना असं विचारणं त्या गावात उद्धटपणाचं ठरलं असतं. नेमका म्हणूनच असा माणूस हवा होता.

हे जुनं, परदेशातलं प्रकरण आहे म्हणून सोडून देता येत नाही. 2018 मध्ये तोंडातून द्यायच्या पोलिओ लशीच्या काही साठ्यात, वापरातून काढून टाकलेल्या टाईप 2 विषाणूचा अंश सापडला, आणि तो साठा ज्या राज्यांत पोचला होता त्यांत महाराष्ट्रही होता. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यातल्या एका गावात 12 मुलांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर गेलं. सुदैवानं सगळी मुलं वाचली. टेबलावर दोन बाटल्या जवळजवळ ठेवलेल्या असल्या की काय होतं, ते समजायला यापेक्षा जवळचं उदाहरण नको. म्हणून लसीकरण सत्राच्या टेबलावर लस आणि तिचं सामान यांखेरीज काहीही ठेवायचं नाही, असं मी सांगतो. बीसीजीची काळपट काचेची कुपी उघडून द्रावण मिसळलं की त्याच क्षणी तिच्यावर वेळ लिहायची आणि चार तासांनी उरलेली बाजूला काढायची. आणि बाळाला काही त्रास झाला असं कळलं, तर ती कुपी फेकायची नाही. शीतपेटीत जपून ठेवायची, नोंद करायची आणि वर कळवायचं.

तोंडातून बीसीजी द्यायची कल्पना ल्युबेकबरोबर मेली नाही. ब्राझीलनं ती 1970 च्या दशकापर्यंत चालू ठेवली. गेल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या अभ्यासात दिसलं, की तोंडातून दिलेली बीसीजी श्लेष्मल आवरणांतली (नाक, घसा, फुप्फुस, आतडं यांच्या आतल्या ओल्या अस्तरांतली) प्रतिकारशक्ती जास्त जागी करते आणि टोचलेली रक्तातली. क्षय बहुतेक वेळा श्वासावाटे फुप्फुसाच्या आतल्या अस्तरातून शिरतो, म्हणून हा विषय पुन्हा अभ्यासकांपुढं आहे. बाळ न रडता लस घेईल असा दिवस आला तर त्या आरोग्यसेविकेइतकाच मलाही आनंद होईल.

आता मात्र बीसीजीची प्रत्येक खेप कारखान्याबाहेर पडण्याआधी किमान सहा गिनीपिगना टोचतात, तीही माणसाच्या डोसच्या किमान 50 पट, आणि त्यांच्यावर निदान सहा आठवडे नजर ठेवतात. सहा आठवडे म्हणजे ल्युबेकमध्ये बाळं आजारी पडायला जेवढे दिवस लागले, जवळपास तेवढेच.